गुओकाकांच्या थव्यातली शिट्टी

"राखाडीला जो शोधून आणेल, तोच त्याच्या शेपटीला नवी शिट्टी बांधेल!"

आजोबांनी असं जाहीर करताच तिंग्यूने शांघायहून सुट्टीला आलेल्या आतेभावाकडे, यीछनकडे रागाने पाहिलं. आजोबांचं लाडकं राखाडी कबूतर कालपासून बेपत्ता होतं. बीजिंगमध्ये कबुतरांच्या शेपटीला हलकी शिट्टी बांधतात; उडताना ती वाऱ्याने घुमते. तीन वर्षं खुराडं झाडलं तिने, आणि चार दिवसांत सगळं कौतुक यीछनचं! 'काय गोड बोलतो! काय हुशार!' तिंग्यूच्या पोटात नुसतं दुखायचं.

दोघं गल्लीतून निघाली. डोक्यावरून एक थवा घूंऽऽ करत गेला.

"अगं, ही शिट्टी राखाडीच्या शिट्टीसारखीच घुमतेय!" यीछन थबकला.

तिलाही तसंच वाटलं होतं. पण तो आधी बोलला ना!

"हट्! तो कोपऱ्यावरच्या गुओकाकांचा थवा आहे. त्यांच्याही कबुतरांना शिट्ट्या असतात. चार दिवस बीजिंगला राहून मला शिकवतोस?"

यीछनचा चेहरा पडला. तिंग्यूला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

पण कोपऱ्यावर वळताच ती थिजली. गुओकाका दारात बुद्धिबळाच्या पटात डोकं खुपसून बसले होते आणि शेजारी सुपात शिट्ट्या मांडलेल्या!

"काका, आमचं राखाडी तुमच्या थव्यात शिरलंय का?"

"छे! मी काय डोळे मिटून कबुतरं उडवतो?"

"आणि या शिट्ट्या?"

"लाखेचा हात दिलाय. सगळ्याच्या सगळ्या काढल्यात."

"मग वर घुमतंय काय?" तिंग्यूने विचारलं.

काकांनी मान वर केली. "अरेच्चा!"

समोरचा खेळाडू खो खो हसला. "डावातही याचं असंच चालतं!"

काकांनी घाईघाईने थवा खाली उतरवला. मधोमध राखाडी ऐटीत बसलेलं!

"शाब्बास!" घरी राखाडी कसं सापडलं ते ऐकून आजोबांनी तिंग्यूच्या हातात नवी शिट्टी आणि सुई-दोरा दिला. "अख्ख्या गल्लीत असे कान नाहीत!"

यीछन वाकून राखाडीला दाणे घालू लागला. त्याने चहाडी केली असती तर किती सोपं झालं असतं!

"आजोबा," ती कशीबशी म्हणाली, "आवाज याने आधी ओळखला. मी मुद्दाम याला खोटं पाडलं. यालाच बांधू द्या."

मग तिने राखाडीला धरलं आणि यीछनने शिट्टी बसवायला शेपटीच्या पिसांत टाके घातले. वाकडेतिकडे! तिचा जळफळाट झाला, पण तिने हात हलू दिला नाही.

"टाके कुणीही घालेल," आजोबा हळूच म्हणाले, "राखाडी असं शांत फक्त तुझ्याच हातात बसतं, पोरी."