चार चमचे चहा

त्या दिवशी माझी ड्युटी खरं तर लहान मुलांच्या वॉर्डात होती. पुरुषांच्या वॉर्डातली नर्स तापाने आली नाही, म्हणून मोठ्या सिस्टरनी मला तिकडे पिटाळलं. मी दारातून आत आले तेव्हा खिडकीजवळच्या खाटेशी एक उंचापुरा माणूस आपल्या वडिलांना दंडाला धरून वर ओढत होता.

"सोडा तो हात," मी म्हणाले. "खांदा निखळेल त्यांचा."

चटका बसावा तसा त्याने हात सोडला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. बाबा खाली घसरलेत, त्यांना नीट निजवायचं होतं, असं काहीसं पुटपुटला. मी त्याला पलीकडे उभं केलं, बाबांच्या अंगाखाली आडवी चादर घातली, तिचे काठ दोघांनी मुठीत धरले आणि तीन म्हणताच उचललं. बाबा अलगद वर सरकले. तो चादरीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ.

तो बस चालवायचा. वडील गवंडी. जन्मभर भिंती उभ्या केलेल्या त्या माणसाची उजवी बाजू अर्धांगाच्या एका झटक्यात गेली होती. वाचा गेली होती, गिळणंही गेलं होतं. नाकातून पोटात नळी घातलेली, तिच्यातूनच पातळ अन्न द्यायचं. घरचं आणखी एक माणूस म्हणजे आत्या, बाबांची थोरली बहीण. भावाच्या वाटचं बोलणंही आता आपल्यालाच करायचंय, अशा थाटात त्या स्टुलावर बसून दिवसभर बोलत.

त्या दिवसानंतर मला त्याच वॉर्डात ठेवलं. मी सहायक नर्स. शिरेतली इंजेक्शनं, सलाईन हे मोठ्या सिस्टरचं काम. माझं काम माणसाच्या अंगाशी. ताप, बीपी, साखर बघायची, नळीतून भरवायचं, लघवीची पिशवी रिकामी करून माप लिहायचं, तोंड आतून पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि पाठ, माकडहाड, टाचा रोज बोटांनी चाचपायच्या. बोट दाबल्यावर लाली गेली तर ठीक. नाही गेली तर तिथे जखम होणार. लोकांना हे हलकं काम वाटतं. पण ते नीट झालं नाही तर पडून राहिलेला माणूस जिवंतपणी सडतो.

तो हे सगळं शिकला. दुपारची पाळी मागून घेऊन रोज सकाळी यायचा. भरवताना डोकं किती उंच, नळी जागेवर आहे हे कसं बघायचं, एकदा सांगितलं की पुरे. तरी मुद्दाम पुन्हा विचारायचा. रविवारी तुमची सुट्टी, मग मला ओरडायला कोण, असंही त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, आत्यांना सांगून ठेवते. त्यावर आत्या म्हणाल्या की त्यांनी एकतीस वर्षं ओरडून बघितलंय, त्याला काडीचा फरक पडलेला नाही; तुमचं मात्र दोन दिवसांत लागू पडलं. तो चादर नीट करायला लागला. मी उगाच घड्याळ बघितलं.

एकदा चादर उचलताना आमची बोटं एकमेकांवर आली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत... पेशंटच्या माणसांत जीव अडकवायचा नाही, हे मला कामाच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं.

अठराव्या दिवशी मी शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग करत होते. मागून खोकला ऐकू आला. ओला, घरघरता. वळले तर बाबांचा चेहरा निळसर पडत चालला होता, आणि त्याच्या हातात चहाचा कप आणि चमचा होता.

मी धावले. बाबांना कुशीवर घेतलं, डोकं उंच केलं, मोठ्या सिस्टरना हाक मारली. दोघींनी मिळून सक्शन लावून घसा साफ केला. श्वास परत आला, पण छातीतली घरघर राहिली.

"किती दिलात?"

"चार चमचे." त्याने कप खाली ठेवला. "ते मागत होते हो. डाव्या हाताने कपाकडे दाखवत होते. अठरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्यांनी."

मी नोंदवही उघडली तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. लिहू नका, म्हणाला. आत्याला कळलं तर ती काय म्हणेल? लिहिलं नाही तर डॉक्टरांना नेमकं काय झालं ते कळणार नाही, उपचारांना उशीर होईल, असं मी सांगितलं.

"माझ्यासाठीसुद्धा नाही?"

त्याने असं काही मागण्याची ती पहिलीच वेळ. माझं पेन कागदावर अडलं. तरी मी लिहिलं. वेळ, चहा, चार चमचे, मुलाने तोंडावाटे दिला. त्याने शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि निघून गेला.

औषधं त्याच तासाला सुरू झाली. तरी दुसऱ्या दिवशी ताप चढला. मी मिनिटाला श्वास मोजायची. अठ्ठावीस, बत्तीस, छत्तीस. तो रोज यायचा, चादरीचा काठ धरायचा, तीन म्हटलं की उचलायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. तेविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाबा गेले.

मी नळी काढली, डोळे मिटवले, हनुवटी बांधली. कोमट पाणी आणलं तेव्हा तो म्हणाला, मीही पुसतो. आम्ही दोघांनी त्यांचं अंग पुसलं. बोटांच्या बेचक्यांत सिमेंटने पडलेल्या जुन्या भेगा होत्या. त्या त्याने एकेक करून पुसल्या. शेवटी कुशीवर वळवून मी त्याला पाठ दाखवली. एकही जखम नव्हती. तेवीस दिवसांत त्याच्या हातून एवढं झालं होतं, ते मला त्याला दाखवायचं होतं. त्याने पाहिलं. मग चादर ओढून पाठ झाकली.

माणूस गेल्यावर नातेवाईक आम्हाला रस्त्यात बघून पलीकडे जातात. आमचा चेहरा दिसला की त्यांना वॉर्डाचा वास येतो. मला हे ठाऊक होतं, तरी तीन महिने प्रत्येक बसच्या काचेत मी बघत राहिले.

मग एके दिवशी आत्या बीपी तपासून घ्यायला माझ्याकडे आल्या. पट्टा बांधल्यावर बोलू नका म्हटलं तरी बोलत राहिल्या. चहाचं त्याने त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं, स्वतःहून. आता धड जेवत नाही. तुमचा विषय काढला की ताटावरून उठून जातो. "काही वाटत नसतं तर कशाला उठला असता?" एवढं विचारून त्यांनी मला बसचा नंबर सांगितला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी दोनची होती. बाराला मी त्या बसमध्ये चढले आणि मागे बसले. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मी नाही उतरले. त्याने आरशात पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

मी पुढे जाऊन त्याच्या मागच्या सीटवर बसले. तो वळला नाही.

"माझ्यामुळे गेले का ते? खरं सांगा."

"असेल. नसेलही," मी म्हणाले. "ज्यांना गिळता येत नाही, त्यांची स्वतःची लाळही छातीत उतरते. छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. मी तर नाहीच."

त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. आवाज नव्हता, फक्त पाठ हलत होती. मी धीर द्यायच्या भानगडीत पडले नाही. बसून राहिले. मग कपाळ उचलून तो म्हणाला, "सगळे म्हणतात तुझी काहीच चूक नाही. एकाचंही पटलं नाही. तुमचं पटलं."

"राग होता माझ्यावर?"

"लाज होती. तुमच्यासमोर उभं राहायची." तो सीटवरून मागे वळला. "आणि रोज वाटायचं, पुढच्या थांब्यावर तुम्ही असाल... वेगळंच माणूस चढायचं."

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. मी सांगून टाकलं की मला तो आवडतो. ते लिहिताना पेन अडलं होतं तेव्हाही आवडत होता. "पण पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा लिहीन."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच तर..." मी हात पुढे केला. त्याने तो धरला, घट्ट.

बाहेर माणसं जमली होती. कुणीतरी दारावर टकटक केली. त्याने बाहीने तोंड पुसलं, सगळ्यांना आत घेतलं, आणि आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, निघायचं ना?

"गाडी काढ," मी म्हणाले. 'काढा' नाही म्हणाले.

त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी काढली.