चौथा ठोका

डिसेंबरातल्या एका सकाळी माझी स्कूटी शाळेच्या अलीकडे, विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपाशी बंद पडली. नेहमीप्रमाणे मला उशीर झालेला असतानाच. बोर धरणाकडून धुकं आलं होतं आणि अख्खं हिंगणी गाव फळा पुसावा तसं पुसलं गेलं होतं. विजेच्या तारांवरून पाणी टपटपत होतं. मी किक मारायला पाय उचलला, आणि ऐकू आलं...

टक्. टक्. टक्.

लोखंडी खांबावर पकडीचे तीन ठोके. मी पाय खाली टेकवला आणि वर पाहिलं.

माझे बाबा वडनेरला लाईनमन होते. खांबावर चढण्यापूर्वी ते पकडीने तीन ठोके द्यायचे आणि उतरले की एक. घराजवळच्या खांबावरून चौथा ठोका आला की आई चहाचं आधण ठेवायची. मी नववीत असताना ते आमच्याच गल्लीतल्या खांबावर चढले. तीन ठोके आम्ही दोघींनी ऐकले. मग कुणीतरी आपल्या मनाने लाईन सुरू केली. चौथा ठोका आलाच नाही. त्याला बारा वर्षं झाली.

"कोण आहे वर?" मी विचारलं. खांबावर कुणीच नव्हतं.

दोनेक मिनिटांनी मागून मोटरसायकल आली. पिवळं हेल्मेट, खांद्यावर दोरी, गळ्यात लाल दुपट्टा.

"गाडी बंद पडली काय मॅडम?"

"आधी सांगा, खांबावर तुम्ही ठोकत होता?"

"मी? मी तं आत्ताच येऊन राह्यलो." त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "वर तं कोणी नाई."

हा कैलास, गावचा नवा लाईनमन. गाडी त्याने एका किकमध्ये सुरू केली, याचा मला रागच आला.

त्याच दिवशी आठवीच्या वर्गात मी फळ्यावर इंग्रजी 'लाईन' हा शब्द लिहिला आणि विचारलं, हा कुठे कुठे वापरता? हात भराभर वर गेले. रेघ. रांग. लाईन गेली. लाईन आली. "माझा मामा ट्रकच्या लाईनमध्ये आहे," हर्षा म्हणाली. मागच्या बाकावर आणखी एक वापर दबक्या आवाजात निघाला आणि मुली तोंडावर हात धरून हसल्या. व्हरांड्यात फ्यूज बदलत असलेला कैलास खिडकीतून म्हणाला, "मॅडम, मासे धरायची दोरी राह्यली. तिलेबी लाईनच म्हणतेत."

मी तेही वहीत लिहिलं. मग तो रोजच एक आणू लागला. कपडे वाळत घालायची लाईन, नाटकातल्या माणसाची लाईन, बिघडलेला पोरगा लाईनवर येणं. मी टिपून घ्यायची आणि चेहरा गंभीर ठेवायची, फार जमायचं नाही. पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. तो येण्याआधी दरवेळी ते तीन ठोके यायचे. मी ऐकायची, केस सारखे करायची, आणि दोन मिनिटांनी तो धुक्यातून निघायचा. भीती आणि ओढ एकाच आवाजाला कशी जोडली गेली, मला कळलंच नाही.

घरी आईला, आनंदाबाईला, शेवटी सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मलेबी येते ऐकू. वडनेरलेही यायचे. अजून उतरलेच नाईत ते."

ती मेथी निवडत राहिली.

एकदा कैलासने तळहात पुढे केला. "हातावरचीबी लाईनच ना? ही आयुष्याची होय म्हणते. माझी पाहा, पक्कड धरू धरू पार घासली गेली."

मला हसू आलं नाही. मी वही मिटली.

"तुमच्या वहीत सगळं आहे," तो हळूच म्हणाला, "माझंच नाई. घरी आमची माय शेजारणीले सांगते ना, कैलास लाईनवर गेला..."

"ते मी लिहिणार नाही. आणि लाईनमनशी लग्नही करणार नाही."

"मी विचारलं कुठं?"

"विचारणार होतात."

तो खाली पाहत राहिला. "हो... होतो."

त्यानंतर पंधरा दिवस त्याने शाळेचा रस्ता टाळला. ठोकेही थांबले. मी सुटले असं स्वतःला बजावलं, आणि रोज सकाळी डीपीपाशी गाडी हळू करत राहिले.

जानेवारीत पुन्हा दाट धुकं पडलं. मी हजेरी घेत होते. टक् टक् टक्. थांबून पुन्हा तीन. लगेच पुन्हा तीन, घाईघाईने, कुणी दार वाजवावं तसे. मुलांना काहीच ऐकू येत नव्हतं. मी हजेरी तशीच टाकून धावले.

डीपीपाशी रूपरावजी उभे होते, शाळेमागचे शेतकरी. गव्हाला पाणी द्यायचं होतं, लाईन बंद दिसली, म्हणून त्यांनी स्वतःच डीपीचं हँडल वर करून ती सुरू करायला हात घातला होता. इथे सगळेच तसं करतात. कैलास काम करताना हँडलला लाल दुपट्टा बांधायचा. तो दवाने ओला होऊन सुटला होता आणि त्यांच्या पायाशी चिखलात पडला होता.

मी दोन्ही हातांनी हँडलला लोंबकळले. "हात काढा रूपरावजी! माणूस आहे वर!"

"कुठं आहे? दिसत तं नाई..."

तेव्हा धुक्यातून, तिसऱ्या खांबावरून आवाज आला. "लाईन बंदच आहे ना हो खाली?"

रूपरावजी डोक्याला हात लावून तिथेच मातीत बसले. कैलास उतरून आला. दुपट्टा पाहिला, हँडलला चिकटलेले माझे हात पाहिले, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तुमाले कसं कळलं?"

"तुम्ही ठोके दिले ना... पकडीने?"

"पक्कड तं आज गाडीतच राह्यली, मॅडम."

माझी शाळेतली मराठी कुठल्या कुठे गेली. "मले भेव वाटते. तुम्ही वर चढले की माझा जीव जाते. पण तुम्ही आले नाई तं जास्त जाते. आता विचारा काय विचारायचं ते."

तो हसला, पण डोळे भरले होते. "मी उतरलो की चहा ठेवसान?"

"ठेवीन," मी म्हटलं. त्याने माझी बोटं एकेक करून हँडलवरून सोडवली आणि आपल्या हातात धरली.

आणि डीपीच्या रिकाम्या खांबावरून आवाज आला.

टक्.

एकच. आम्ही दोघांनी मान वर केली. दुसरा आला नाही.

"वर तं कोणी नाई," कैलास कुजबुजला.

"नाई," मी म्हटलं. "उतरले ते."

मधल्या सुट्टीत मी त्याला घरी नेलं. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, रस्ताभर ठरत नव्हतं. दार उघडंच होतं. आई गॅसपाशी उभी होती आणि पदराने डोळे पुसत होती. कैलास कोण, हे तिने विचारलंच नाही.

"बस बाप्पा," ती त्याला म्हणाली. "आधण ठेवलं आहे."