डाळिंबी गाडीवरचे डाग

दादासाहेबांनी कैलासच्या थोबाडीत मारली तेव्हा पूजेचा नारळ अजून फुटायचा होता.

सगळं रिहे गाव गाडीभोवती जमलं होतं. उघड्या टपाची जुनी गाडी. दादासाहेबांचे वडील पुण्यात ड्रायव्हर होते, ते हीच चालवायचे. दादासाहेबांनी ती भंगारातून शोधून आणली आणि उरवड्याच्या कैलास पेंटरनं दोन वर्षं खपून तिला डाळिंबी रंग चढवला. पूजेच्या आदल्या संध्याकाळी ती ताज्या रंगानिशी दादासाहेबांच्या शेडात आली. सकाळी शेडचं दार उघडलं, वाहवा करायला लोकांनी तोंडं उघडली आणि ती तशीच उघडी राहिली. बॉनेटवर आणि डिकीवर रंग मेला होता. नुसते पांढुरके, खरखरीत डाग.

"वाटोळं केलंस माज्या गाडीचं!" दादासाहेब ओरडले आणि त्यांचा हात उठला.

गाल चोळत कैलास उरवड्याच्या वाटेला लागला.

आठवड्यानं सृष्टी, म्हणजे दादासाहेबांची मुलगी, ही हकिकत नांदे गावातल्या एका फ्लॅटमध्ये सांगत होती. फ्लॅट ऋषिकेशचा. दोघं हिंजवडीत एकाच ऑफिसात. ऐकत होत्या त्याच्या सासूबाई, आशालता साने. उभी नोकरी विमा कंपनीत, गाड्यांच्या अपघातांचे खोटे दावे उघडे पाडण्यात गेली. निवृत्त झाल्या आणि खासगी तपासाची पाटी लावून बसल्या. लेकीकडे चार दिवस आरामाला आल्या होत्या, पण आराम त्यांना मानवत नाही हे जावयाला एव्हाना कळून चुकलं होतं.

"कैलासकाकांकडे आता कुणी गाडी टाकत नाही," सृष्टी म्हणाली. "हातात होती ती कामंही लोक परत घेऊन गेले. परवा पिरंगुटच्या बाजारात ते समोर आले, तर मी ओढणी तोंडावर घेतली आणि स्कूटर वळवली. मॅडम, ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, त्यांना मी तोंड चुकवलं. त्यांनी हे केलेलं नाही. कुणी केलं ते शोधा."

"पोलिसांत तक्रार?"

"सकाळी बाबा म्हणत होते, आत टाकतो त्याला. दुपारनंतर एकदम म्हणाले, पोलीस नकोत."

"दुपारनंतर," आशालताबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासू-जावई रिह्यात पोचले. खोऱ्यात धुकं दाटलं होतं. शेड पत्र्याची, दाराला भलंमोठं कुलूप. आत पाऊल टाकलं आणि ऋषिकेशच्या कॉलरमध्ये गार पाण्याचा थेंब पडला.

"आई गं!"

"काय झालं?"

"तुम्हाला नाही म्हटलं, आई. वरून पाणी गळतंय."

"थंडीत पत्र्याला आतून दहिवर येतं. पायाखाली बघा," आशालताबाई म्हणाल्या.

मुरमाच्या जमिनीवर पत्र्याच्या पन्हळींखाली बारीक बारीक खळग्यांच्या रांगा पडल्या होत्या. रांगा गाडीपर्यंत येऊन थांबायच्या आणि पलीकडून पुन्हा सुरू व्हायच्या. आशालताबाईंनी बॉनेटवर तिरपा टॉर्च मारला.

"ऋषिकेशराव, काय दिसतं?"

"डाग, आई."

"छान. आणखी?"

ऋषिकेश वाकला. मेलेल्या रंगात बारीक तुटक रेघा होत्या, एकीखाली एक. मध्येच एखादा चौकोन. डाग दिव्यांच्या अलीकडे एका सरळ रेषेत संपले होते. दारांचा रंग मात्र आरशासारखा होता.

"ॲसिड!" तो ठामपणे म्हणाला.

"ॲसिड ओघळतं. ते दारावर उतरलं असतं. बरं, आता मला थेंबाचे डाग दाखवा. रात्रभर पत्रा गळतो, मग ताज्या रंगावर त्या रात्रीच्या थेंबाचा एकही वण कसा नाही?"

ऋषिकेश पुन्हा बॉनेटवर वाकला.

दादासाहेब दारातच उभे होते. साठीचा धिप्पाड माणूस, पण खोकल्यानं वाकला होता. सृष्टीनं हा घाट घातलेला त्यांना आवडला नव्हता, हे उघड दिसत होतं.

"कुलूप फोडलं होतं का?"

"न्हाई. शाबूत व्हतं. किल्ली माज्या करगोट्याला असतीया, झोपताना बी."

"डिकी उघडता?"

"तिची किल्ली हारवली."

"कधी?"

"हारवली म्हंजे हारवली!" दादासाहेब फिरून घराकडे चालू लागले.

शेजारच्या रानात भिकू शेकोटीपाशी बसला होता. बांधावरून त्याचं आणि दादासाहेबांचं जुनं वाकडं होतं.

"तुम्ही काही फवारलंत का?" ऋषिकेशनं विचारलं.

"भात कवाच घरात आलं, सायेब. आता फवारू कशावर, माज्या टकुऱ्यावर?" भिकू हसला. "मी असाच शेकत बसल्यालो. पूजेच्या आदल्या राती शेडात उजेड दिसला, दोनदा. दाद्याच असंल. लेकरू झोपलंय का बघावं, तसा उठून गाडी बघतोय त्यो."

दादासाहेबांच्या घरी त्यांच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, चहा दिला आणि चहाबरोबर नवऱ्याची गाऱ्हाणी.

"सवत हाय ती गाडी माजी. पर माजा जीव ह्यांच्यासाठी तुटतोय. कैलासला मारल्यापासनं नीट जेवत न्हाईत. रातभर खोकत्यात. नवं ब्लँकेट आनलंय, त्याला अजून दुकानाची चिठ्ठी तशीच. काय इचारलं की वसकन अंगावर येत्यात."

"आधी काय पांघरायचे?"

"सासूबाईंच्या हातची गोधडी. आता म्हनत्यात, जड हुतीया."

शेवटी उरवडे. कैलासच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत एकही गाडी नव्हती.

"रंग हाताला सुकला तरी आतनं म्हैनाभर कच्चा असतोय," कैलास म्हणाला. "त्याला मोकळा वारा लागतो. मेण लावू नका, काय झाकू नका, म्हनून बजावलं व्हतं. दादांनी आईची शपथ घेतली, न्हाई झाकनार म्हनून."

"मग डाग कशाचे?"

"मला जवळनं बघू तर द्यायचं, बाई!" त्याचा आवाज चिरकला. "मारल्याचा राग न्हाई. दोन वर्सं एका ताटात जेवलो. कैलास, काय झालं असंल रं, एवढं इचारलं बी न्हाई."

परतताना गाडीत ऋषिकेश म्हणाला, "भिकूच वाटतो मला."

"तुम्हाला माणूस सापडला की वस्तू दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सगळ्यांना शेडात बोलवा."

सकाळी सगळे शेडात होते. सृष्टीनं मनधरणी केली म्हणून कैलासही आला होता, दारापाशी अंग चोरून उभा होता.

"कुलूप शाबूत," आशालताबाईंनी सुरुवात केली. "म्हणजे आत आला तो किल्लीवाला. पाणी सगळीकडे पडलं, गाडीवर नाही. म्हणजे त्या रात्री गाडीवर काहीतरी पांघरलेलं होतं. ते बाजारचं कव्हर नव्हतं. कव्हर दारं झाकतं, हे दिव्यांच्याही अलीकडे संपलं. त्यानं पाणी पिऊन घेतलं, जड झालं आणि कच्च्या रंगात रुतलं. रंगाचा श्वास कोंडला. आता या रेघा पाहा. तुटक, एकीखाली एक, मध्ये ठिगळाचा चौकोन. हे कशाचे टाके, रत्नाबाई?"

रत्नाबाई वाकल्या, आणि पदर तोंडाला गेला.

"गोधडीचे," त्या पुटपुटल्या.

ऋषिकेश दादासाहेबांकडे बघत राहिला. त्याला एकदम तो खोकला आठवला, ते चिठ्ठीचं ब्लँकेट आठवलं.

"ज्यानं हात उगारला, त्यालाच दुपारनंतर पोलीस नकोसे झाले," आशालताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दादासाहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण तुमच्या मुठीत कैलासची अब्रू आहे. पुढचं मी सांगू की तुम्ही?"

दादासाहेबांचा हात करगोट्याला गेला. हरवलेली किल्ली तिथंच, दुसऱ्या किल्लीशेजारी होती. त्यांनी डिकी उघडली. आत घडी करून ठेवलेली गोधडी होती, आणि तिच्या उलट्या अंगाला डाळिंबी रंग चिकटला होता.

"पानी टपाटपा पडत व्हतं," ते म्हणाले. त्यांची मान वर होत नव्हती. "घरात आईच्या गोधडीपरीस मऊ काय न्हाई. म्हनलं, एका रातीनं काय हुतंय. दोन जोडून शिवल्याली लांब गोधडी ती, बॉनेटपासनं टपावरनं पार डिकीपर्यंत घातली. दिस उगवायच्या आत काढली, अंधारात काय कळलं न्हाई. दुपारी झोपायला घेतली, तवा दिसलं. चपला घातल्या उरवड्याला यायला. उंबऱ्यातनं मागं फिरलो. अख्ख्या गावादेखत मारलं व्हतं. लाज वाटली, कैलास. मारल्याची वाटली, आन चुकलो हे सांगायची त्याहून जास्ती वाटली."

सृष्टी भिंतीकडे तोंड करून रडत होती. दादासाहेब पुढं झाले आणि कैलासच्या पायाशी वाकले. कैलासनं त्यांचे दंड धरले.

"हितं न्हाई, दादा," तो म्हणाला. "मारलं तवा गाव व्हतं."

आणि तो निघून गेला.

पुढं चार दिवसांनी, कारखान्याची पाळी सुटायच्या वेळेला, उरवड्याच्या रस्त्यावर डाळिंबी गाडी आली. टप उघडा, बॉनेटवरचे डाग तसेच. मागं पहिल्यांदाच रत्नाबाई बसल्या होत्या. शेजारी सृष्टी, ओढणी गळ्यात. दादासाहेबांनी खांद्यावर गोधडी घेतली होती, रंगाचं अंग बाहेर करून. लोक थांबले. कुणी हसलं, कुणी मोबाईल वर धरला. भिकूही रिह्यातून मुद्दाम बघायला आला होता.

ऋषिकेशला मान वळवावीशी वाटली. आशालताबाईंनी त्याला कोपर मारलं. "बघा. त्यांनी बोलावलंय आपल्याला बघायला."

दादासाहेब दुकानासमोर उतरले. हात जोडले. दोनदा खाकरले.

"ह्यो रंग मी घालवला. शपथ मी मोडली. ह्या मानसाला मी इनाकारन मारलं. ज्यानं त्यानं आपली गाडी ह्याच्याकडं परत आनावी."

कैलासनं शटर पूर्ण वर केलं, येऊन बॉनेटवरून अंगठा फिरवला.

"म्हातारीचे टाके लई बारीक," तो म्हणाला. "घासून पुन्हा मारावा लागंल. ठेवा गाडी."

"ठेवतो."

"आन न्हेल्यावर म्हैनाभर झाकायची न्हाई."

"न्हाई झाकनार," दादासाहेब म्हणाले. या वेळी त्यांनी शपथ घेतली नाही.