उत्तरेच्या खोलीतली ऊब

हेक्टर गिलिसने घरात नवी भट्टी बसवली, तेव्हा सरोवराकाठच्या केर्नपोर्ट गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ते लोखंडी धूड बघायला लोक बूट न झटकताच तळघराचा जिना उतरायचे आणि मागून त्याच्या बायकोला, एफीला, जमीन पुसावी लागायची. हेक्टर मिठाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा, त्यामुळे समजावून सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"आग एकच, कामं दोन," तो भट्टीवर थाप मारून म्हणायचा. "आगीभोवतीची हवा तापते, पत्र्याच्या नळांतून वर चढते आणि जमिनीतल्या जाळ्यांतून खोल्यांत येते. आणि हे वर कडं दिसतंय ना? त्यात पाणी. ते तापून पाइपांतून उत्तरेच्या दोन खोल्यांत जातं. तिकडे सरोवराचा वारा गरम हवेला आत शिरूच देत नाही. पाण्याला वाऱ्याचं काय भय?"

या दोन खोल्यांपैकी खालची त्याच्या आईची, ग्रिझेलबाईंची. तिच्या बरोबर वरची खोली येणाऱ्या बाळासाठी राखलेली. दोन्हीकडे एकेक सोनेरी रंगाचा रेडिएटर, म्हणजे पोकळ लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा होता आणि गरम पाणी दोघांत वाटून फिरत असे.

ग्रिझेलबाईंचा जन्म स्कॉटलंडच्या बेटावरचा. आयुष्य गारठ्यात गेलेलं आणि गारठा मात्र बिलकूल सोसायचा नाही. त्या दिवसभर रेडिएटरशेजारी खुर्ची ओढून, पाय त्याला टेकवून, तोंडात पेपरमिंटची गोळी धरून विणत बसायच्या. भट्टीतला कोळसा कमी झाला की बोटातल्या अंगुस्तानाने, शिवणाच्या त्या धातूच्या टोपणाने, रेडिएटर ठोकायच्या. टक. टक-टक. पाइपांतून तो आवाज अख्ख्या घरात जायचा.

"आई, हाक मारली तरी येईन की मी," एफी वैतागून म्हणायची.

"तुला हाक मारून माझा घसा कोण बसवून घेणार? लोखंडाला तोंड आहे, त्याला बोलू दे." वर हसून सांगायच्या, "हवेचं काय गं, ती पाव्हणी. आली तशी गेली. पाणी घरच्या माणसासारखं, धरून राहतं."

दोघींचं भांडण रोजचं आणि गोडीही रोजची. डिसेंबरात एकदा मात्र त्यांनी एफीचा हात धरला आणि न हसता म्हणाल्या, "मी गेले ना, तरी रेडिएटरची ही चावी बंद करू नका. मला गार पडायचं नाहीये."

"नाही करणार," एफी म्हणाली. असल्या वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

जानेवारीत, एका स्वच्छ सकाळी, ग्रिझेलबाई खुर्चीतच गेल्या. पाय रेडिएटरला टेकलेले, विणकाम मांडीवर. डॉक्टर पर्डी बर्फगाडीतून आले, नाडी बघितली, आरसा नाकाशी धरला आणि मान हलवली. अंगुस्तान बोटातून निघेना, ते तसंच राहू दिलं.

मग जे सगळीकडे करतात तेच हेक्टरने केलं. मयत असलेली खोली थंड ठेवायची असते. त्याने रेडिएटरची चावी आवळली, खिडकी वितभर उघडली. बंद रेडिएटरातलं पाणी गोठून लोखंड फुटू नये म्हणून खालचं बूच सोडून सगळं पाणी बादलीत काढलं. एफी दारात पोट धरून उभी होती. तिला दिलेला शब्द आठवला. पण मेलेल्या माणसाची खोली कुणी तापवतं का?

त्या मुलखात थंडीत जमीन लोखंड होते, कुदळ लागत नाही. जानेवारीत गेलेल्यांना एप्रिलपर्यंत वाट बघावी लागते. दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या दगडी कोठीत त्यांच्या पेट्या ओळीने ठेवतात आणि कुलूप घालतात. ग्रिझेलबाईंची पेटी बर्फगाडीतून तिथे गेली.

त्या धक्क्याने म्हणा किंवा कशाने, एफी वेळेआधीच बाळंत झाली. मुलगा. आजोबांचं नाव ठेवलं, डंकन. इतकासा, की हेक्टरच्या एका पंजात मावेल.

"स्वयंपाकघरात चुलीपाशी ठेवू?" हेक्टरने विचारलं.

"मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. "चूल धुरावते आणि तुमच्या त्या जाळ्यांतून राखेची धूळ उडते. याची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत. पाण्याची ऊब द्या. ती खोली गार पडू दिलीत, तर मला बोलवायचे कष्ट घेऊ नका."

डॉक्टरांचं बोलणं असंच, तोंडावर मारल्यासारखं. पण वरची खोली छान तापत होती. खालचा रेडिएटर बंद, त्यामुळे त्याच्या वाट्याचं पाणीही आता वर जात होतं. एफीच्या मनात आलं, आजीचा वाटा नातवाला मिळाला. त्यात वाईट काय?

पहिला आठवडा बरा गेला. मग एका सकाळी ती पाळण्याशी गेली तर खोलीत तिचा श्वास दिसत होता. रेडिएटरला हात लावला, गारढोण. ती धावत तळघरात गेली. भट्टीत आग रसरसलेली होती.

हेक्टरने पाइप चाचपले. "हवा अडकलीय," तो म्हणाला आणि वरच्या रेडिएटरची हवा काढली. घटकाभराने तो तापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आणि आता पाइपांतून आवाज यायला लागला.

टक. टक-टक.

दोघं एकमेकांकडे बघायचं टाळून जेवत राहिले.

"लोखंड तापतं, फुगतं, निवतं, आकसतं," हेक्टर शेवटी म्हणाला. "कारखान्यात रोज ऐकतो मी."

"असंच ऐकतोस? एकदा, आणि मग दोनदा?"

"एफी, तू शाळेत गणित शिकवायचीस. भलतंसलतं बोलू नकोस."

पण तो कामावर गेल्यावर तिने उत्तरेच्या खोलीचं दार उघडलं. खिडकी आता बंद होती आणि काचेवर हिवाचा, गोठलेल्या दवाचा, जाड थर धरला होता. फक्त रेडिएटरच्या वर, ताटाएवढा गोल वितळून काच स्वच्छ झाली होती. खोलीला पेपरमिंटचा वास होता. तो तर राहणारच, वर्षानुवर्षांचा, तिने स्वतःला समजावलं आणि रेडिएटरवर हात ठेवला.

तो ऊन होता. फार नाही. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणाइतका.

संध्याकाळी हेक्टरने बघितलं. चावी घट्टच होती. त्याने ती आणखी आवळली, वर तारेने जखडून टाकली. मग बूच सोडून खाली बादली धरली. पाण्याचा थेंब आला नाही. कोमट हवेचा एक लांब सुस्कारा तेवढा आला आणि थांबला. हेक्टरने बूच बंद केलं. तो म्हणाला, "चावी गळत असणार." रिकाम्या बादलीकडे दोघांनीही बघितलं नाही.

तारेचा काही उपयोग झाला नाही. वरची खोली दिवसातून दोनदोनदा गार पडू लागली. डंकनचं रडणं बारीक झालं, मग बंदच झालं. दूध ओढायचा तो चोखता चोखता झोपी जायचा. एफीने त्याला आपल्या अंगाशी बांधून ठेवलं, पण तिच्याच अंगात ऊब कुठे होती? तिला सासूचा राग आला, असा राग की जिवंतपणी कधी आला नव्हता. म्हातारे, तू सत्तरी गाठलीस. याला सत्तर दिवस तरी मिळू देत.

फेब्रुवारीच्या मध्याला सरोवरावरून वादळ आलं. दुपारीच अंधारून आलं, समोरचं कुंपण दिसेना. हेक्टर कारखान्यात अडकला. एफीने भट्टीत तोंडापर्यंत कोळसा भरला, झडपा उघडल्या. जमिनीतल्या जाळ्यांतून भाजेल अशी हवा येत होती.

वर गेली, तर रेडिएटरवर हिव धरलेलं.

डंकनचे ओठ निळे होते. तिने त्याला शालीत गुंडाळलं. तो डोळे उघडेना.

टक. टक-टक.

पायाखालून. बरोबर पायाखालच्या खोलीतून.

त्याला छातीशी बांधून ती जिना उतरली. उत्तरेच्या खोलीचं दार उघडताच ऊब तिच्या तोंडावर आली. खिडकीवर हिवाचा कण नव्हता. चावी तारेने जखडलेली, तशीच. खुर्ची रेडिएटरजवळ ओढलेली होती. हेक्टरने ती भिंतीला लावली होती, तिला पक्कं आठवत होतं.

ओरडायचं, शिव्या द्यायच्या असं ठरवून ती आली होती. पण तोंडून वेगळंच निघालं.

"आई, माझं चुकलं. चावी बंद करायला नको होती."

तिने डंकनला शालीत आणखी आवळून धरलं.

"पण याला मारू नका. मी याला इथेच ठेवते, तुमच्याजवळ. तुम्ही दोघं ऊब वाटून घ्या. त्याला पुरेल, तुम्हालाही पुरेल. घ्याल ना वाटून?"

टक.

एकदाच.

तिने पाळणा ओढत जिन्यावरून खाली आणला, रेडिएटर आणि खुर्ची यांच्यामध्ये ठेवला. डंकनला आत घातलं. दाराशी जमिनीवर बसून राहिली. दिवा लावायच्या वेळेला तो रडला, चांगला खणखणीत, आणि तीही रडली.

हेक्टर दुसऱ्या दिवशी बर्फ तुडवत आला. त्याने पाळणा बघितला, तापलेला रेडिएटर बघितला, तार बघितली. मग त्याने पक्कड आणून तार सोडली, चावी उघडली, पाणी भरलं आणि यावर पुन्हा एक अक्षर बोलला नाही. शहाणा माणूस. काही गोष्टींना नाव दिलं नाही तर त्या निमूट घरात राहतात.

त्यानंतर दोन्ही खोल्या तापत राहिल्या, आवाज बंद झाला. डंकन अंग धरू लागला. डॉक्टर पर्डींनी त्याला वजनकाट्यात घातलं आणि पहिल्यांदाच हसले. एकच गोष्ट एफीला खटकायची. पोराचं सगळं अंग पावासारखं ऊन असायचं, हात मात्र गार. नुसते गार नाहीत, बाहेर ठेवलेल्या लोखंडासारखे. मनगटापर्यंत ऊब आणि तिथून पुढे एकदम नाही.

"तान्ह्यांचे हात गारच असतात," डॉक्टर म्हणाले.

सासूच्या टोपलीतली लोकर घेऊन एफीने हातमोजे विणले. सकाळी बघावं तर दोन्ही काढलेले, खुर्चीवर शेजारी शेजारी नीट ठेवलेले. हेक्टर काढत असेल, असं तिने ठरवून टाकलं. त्याला विचारलं नाही.

एप्रिलमध्ये जमीन भुसभुशीत झाली. कोठी उघडली, थंडीत गेलेल्यांना एकेक करून मातीत ठेवायला सुरुवात झाली. ग्रिझेलबाईंच्या दिवशी ऊन पडलं होतं. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते, हेक्टर टोपी छातीशी धरून उभा होता. एफी डंकनला घेऊन थोडी मागे थांबली होती. तिला हलकं वाटत होतं. आता संपलं, म्हातारीला एकदाची जागा मिळाली.

कबरी खणणारा म्हातारा टलक फावड्यावर रेलून तिच्या शेजारी आला. त्याची नजर डंकनच्या हातमोज्यांवर होती.

"वहिनी, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा की."

"या बाळाला तुम्ही कधी कोठीत आणलं होतं का?"

"काहीतरीच काय! याला मी आज पहिल्यांदा घराबाहेर काढलंय."

"तेच म्हटलं मी. किल्ली तर माझ्याच कमरेला असते." टलकने मान खाजवली. "काय आहे, आत पेट्यांवर बोटभर हिव धरतं. ते एप्रिल संपेस्तोवर जात नाही. तुमच्या सासूबाईंच्या पेटीवरही होतंच. पण झाकणावर, छातीच्या जागी, दोन हात वितळलेले. पोरं खिडकीच्या काचेवर ठेवतात ना, तसे. पाची बोटं दिसत होती." त्याने अंगठा पुढे केला. "एवढेसे. माझ्या या अंगठ्याएवढे."

एफीने डंकनला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"जुने असतील म्हणून हात लावून बघितला, तर ओले होते. आज सकाळचेच. हेक्टर बघायच्या आत मी पुसून टाकले. बरं केलं ना?"

"बरं केलंत," एफी म्हणाली.

पेटी दोरांवरून खाली गेली. हेक्टरने पहिली मूठ माती टाकली, मग बाकीच्यांनी. एफीने डंकनचा एक हातमोजा काढला आणि त्याची मूठ आपल्या मुठीत धरली. आता गरम होईल, आता होईल, म्हणत ती खड्डा बुजेपर्यंत धरून उभी राहिली. मूठ गारच राहिली; ऊब वाटून घ्या, असं तिनेच तर म्हटलं होतं. जमिनीखाली हिव धरत नाही. तिथे यापुढे कुणाला काही उमटलेलं दिसणार नव्हतं.

मे महिन्यात हेक्टरने भट्टी विझवली, राख काढली, पाइप पुसून ठेवले. जुलैत केर्नपोर्टची पोरं उघडीवाघडी सरोवराच्या वाळूत लोळत होती. एफी खिडकीशी बसून पुढच्या मापाचे हातमोजे विणत होती आणि पाळण्यात डंकन हसत हसत, दोन्ही तळवे पसरून, समोरच्या हवेवर टेकवत होता.