पूर्वेची खिडकी

एक पिवळं हेल्मेट, पालथं पडलेलं, आत पावसाचं पाणी.

‘हे साधन फक्त वाचतं. काही बदलत नाही.’

नव्व्याण्णवावा मजला.

आई, फोनवर: “आणि तो हेल्मेटवाला? तो काय म्हणतो?”

भिंत. भिंतीत चौकोन. चौकोनात काळोख.

दोन कप चहा, त्यातला एक बिनसाखरेचा.

*

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आत दोघंच होती. ती, आणि नखशिखांत भिजलेला एक साइट इंजिनिअर.

“घाबरू नका,” तो म्हणाला. “ही लिफ्ट आम्ही नाही बसवली.”

“म्हणूनच घाबरले नाही.”

तो हसला. हेल्मेटमधलं पाणी तिच्या चपलेवर सांडलं. तिने पाय मागे घेतला नाही... का, ते तिलाही कळलं नाही.

“तुम्ही काय करता इथे?”

“तुमचे नकाशे, मापं, बदल, सगळं आता संगणकातला एजंट सांभाळतो ना, त्याच्या हाताशी साधनं असतात. एक नकाशा शोधतं, एक मोजतं, एक नकाशा बदलतं. कुठलं कधी उचलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे मी त्याला लिहून देते.”

“मशीनची मास्तरीण.”

“आणि विद्यार्थी असा, की शंका विचारत नाही. लिहिलं ते खरं.”

“मला असा मुकादम पाहिजे होता,” तो म्हणाला, आणि लिफ्ट हलली. दोघांनाही जरा घाईच वाटली तिची.

*

साइटवरची भाषा तिला समजावून द्यायला पुढच्याच आठवड्यात त्याला तिच्या टेबलाशी बसवलं. बाहेर झिमझिम. तो सांगायचा, ती लिहायची. नाव. काय करतं. कधी वापरावं. कधी वापरू नये. मग एक उदाहरण.

“प्रत्येक उदाहरणात नव्व्याण्णवावा मजला का? इमारत तर बारा मजली आहे.”

“म्हणूनच. उदाहरणातलं घर खरं असता कामा नये. उद्या तो उदाहरणालाच काम समजला तर?”

“मास्तरीणबाई फार कडक.”

“चहा आण. आज तुझी पाळी.”

“उद्या. नक्की.”

तिने उठून चहा आणला. तो बिनसाखरेचा घेतो, हे तिला आता विचारावं लागत नव्हतं.

मग सातवा मजला. विटांचं काम चाललेलं, तो तिला दाखवायला घेऊन गेला. कोपऱ्यातलं घर. हात हाताला लागला आणि तिथेच राहिला.

“इथे ओटा,” तो म्हणाला.

“मग खिडकी पूर्वेला. मला सकाळी ऊन हवं.”

“पूर्वेला लिफ्टचा खड्डा आहे गं.”

“लिफ्ट हलव.”

“बरं. हलवतो.” आणि मग खालच्या आवाजात, “...राहशील ना पण?”

तिने त्याच्या केसांतली सिमेंटची धूळ तेवढी झटकली. ते उत्तरच होतं.

*

नाव: नकाशा-बदल.
काय करतं: दिलेल्या घराच्या नकाशात बदल करतं.
कधी वापरू नये: मागणी अर्धवट असेल तर.
उदाहरण: सातवा मजला, कोपऱ्यातलं घर. स्वयंपाकघराला पूर्वेकडे खिडकी कर.

हे उदाहरण त्याने लिहिलं. ती चहा आणायला गेली होती, तिचा संगणक उघडा होता. ती परत येऊन वाचेल, लाजेल, रागावेल आणि पुसून टाकेल, असं त्याला वाटलं. ती आली तर तिला वरून बोलावणं आलेलं. पान तसंच पुढे गेलं, तिच्या नावावर.

काही दिवसांनी त्याच घरासाठी एक मागणी आली. घराचा नंबर होता. काय करायचं ते लिहायचं राहिलं होतं. एजंटने शंका विचारली नाही. उदाहरणात तेच घर होतं, म्हणजे मागणी त्याला अर्धवट वाटलीच नाही. उदाहरणात होतं ते त्याने केलं.

नवा नकाशा साइटवर गेला. बदलांच्या गठ्ठ्यात इंजिनिअरनेच तो न बघता मंजूर केला. गवंड्याने भिंतीत चौकोन सोडला, टेकला, आणि त्याची थापी लिफ्टच्या खड्ड्यात सात मजले खाली गेली. खाली कोणी नव्हतं. पाच मिनिटं आधी दोघं होते.

*

बैठकीत विभागप्रमुखांनी पान मोठ्या पडद्यावर लावलं.

“हे कोणी लिहिलं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. तो हेल्मेटचा पट्टा उलगडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

“साइटचं काय म्हणणं?” प्रमुखांनी त्याला विचारलं.

“आम्ही...” तो थांबला. “आम्हाला जे लिहून येतं, त्यावर आम्ही विश्वास ठेवतो, सर.”

प्रमुख तिच्याकडे वळले.

“पान माझं आहे,” ती म्हणाली. “म्हणजे उदाहरणही माझंच.”

तिला त्याच दिवशी कामावरून मोकळं केलं.

*

तो लिफ्टपाशी धावत आला. “ऐक ना. माझ्या बढतीचं ठरेपर्यंत थांब. मग मी स्वतः सांगतो सगळं. देवाशपथ.”

“कधी, उद्या?”

“अशी काय बोलतेस?”

“दोन माणसं होती खाली.”

“मला माहितेय.” त्याचे डोळे भरले होते. खोटे नव्हते. “माझं प्रेम आहे गं तुझ्यावर.”

“आहे,” ती म्हणाली. “ते मी वाचलं. कधी वापरू नये, तेवढं लिहायचं राहिलं होतं.”

लिफ्ट आली. ती जिन्याने गेली.

घरी आईने ताट वाढत फोनवरचाच प्रश्न विचारला. “आणि तो हेल्मेटवाला? तो काय म्हणतो?”

“काही नाही म्हणाला, आई.”

पूर्वेच्या भिंतीतला चौकोन बुजवला. विटा नव्या, गिलावा नवा. रंग दिल्यावर काही कळत नाही.

ते उदाहरण लिहिलं त्या दुपारी चहा आणायची पाळी त्याची होती.