चूळ

आस्वादकक्षात शिरण्याआधी चूळ भरायची, असा द्राक्षगिरी कंपनीचा नियम होता. दारातच पांढरं बेसिन, शेजारी निळसर द्रावणाची बाटली. त्या द्रावणाला जिव्हाशोधक म्हणत. तोंडातले झाडून सगळे जिवाणू त्यानं मरत. रात्रीचं जेवण, घरचा मसाला, ज्याची त्याची लाळ, सगळं पुसलं जाई आणि आस्वादकांची तोंडं एकसारखी होत. यंत्राला एकसारखी तोंडं लागत. चवमापी नावाचं ते यंत्र वाइनमधला रेणू न् रेणू मोजायचं. माणसांनी पुढं नुसती मान डोलवायची.

त्या सकाळी मुख्य आस्वादक तारका भोये हिनं चूळ भरली नाही. तिचं तोंड आलं होतं. ते द्रावण लागलं असतं तर डोळ्यांतून पाणी निघालं असतं. तिनं ते बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला आणि साळसूद चेहऱ्यानं आत गेली.

टेबलावर तीस वर्षं मुरलेली लाल वाइन होती. द्राक्षगिरीची पहिली मोठी वाइन, कंपनीचं नाव हिनंच जगभर केलं. तळघरात उरलेल्या सगळ्या सीलबंद बाटल्या त्या संध्याकाळी वर्धापनदिनाच्या मेजवानीत फुटणार होत्या. त्याआधी एक बाटली उघडून तिचा दिवसभर अंदाज घ्यायचा, हे तारकाचं काम. जुन्या वाइनचं एका घोटात कळत नाही. पाहुणे आल्यावर म्हातारं माणूस तासभर ताठ बसतं आणि मग एकदम खचतं, तसं तिचं असतं. ती किती वेळ ताठ बसते ते बघायचं.

पहिल्या घोटाला वाळलेलं जांभूळ, सुपारी, जुनं कातडं. चांगली होती. फारच चांगली होती. तारकानं थुंकदाणीत थुंकलं, आणि मग जिभेच्या मुळाशी काहीतरी उरलं.

"सर, धूर आहे," ती म्हणाली.

कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ डॉ. केंगे खुर्चीत मागं रेलले होते. वय झालेलं, निवृत्तीला आलेले. त्यांनी चवमापीच्या पडद्याकडं बोट केलं. "धूर शून्य. बघ की."

"पडदा राहू द्या. पिऊन बघा."

त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला. "छे! स्वच्छ आहे. तुझं तोंड आलंय ना, त्यानं भास होत असेल." आणि मग ते थांबले. "चूळ भरलीस का तू?"

"नाही."

डॉ. केंग्यांनी ग्लास खाली ठेवला. नुसता ठेवला नाही, लांब सरकवला.

"काय झालं, सर?"

"द्राक्ष वेलीवर असताना धूर लागला तर फळ तो आत ओढतं," ते सावकाश म्हणाले. "पण तसाच ठेवत नाही. साखरेला बांधून टाकतं. धूरकुलूप म्हणतो आम्ही त्याला. कुलूप लागलं की वास नाही, चव नाही. चवमापी मोकळा धूर मोजतो, बांधलेला त्याला दिसत नाही."

"उघडतं कसं ते?"

"बाटलीत वर्षानुवर्षं आम्लानं झिजतं. नव्या वाइनमध्ये ते इतकं पक्कं असतं की लाळेलाही दाद देत नाही. पण तीस वर्षांनी पार गंजलेलं असतं. तोंडातले जिवाणू साखर खायला धावले, की निखळतं. अशी वाइन तोंडात धूर सोडते, ग्लासात नाही."

"आणि आपण रोज सकाळी ते जिवाणूच मारतो."

"हो."

"तोडलेल्या द्राक्षाला धूर लागतो का, सर?"

"टाकीत गेलेल्या द्राक्षाला कुठला धूर लागणार?" डॉ. केंगे बोलून गेले आणि त्यांचा चेहरा उतरला.

ती वाइन ज्या हंगामाची, त्या हंगामात मळ्यातल्या मजुरांच्या झोपड्या जळाल्या होत्या. टोळी सुरगाण्याकडची होती. बायका, पोरं, सगळी मिळून तोडणीला आलेली. त्या वर्षी कंपनीनं पहिल्यांदा तोडणीयंत्रं मागवली, म्हणून टोळी काम थांबवून बसली होती. पुढं टोळीतलं कुणीच गावी परतलं नाही. कंपनीनं कोर्टात सांगितलं, तोडणी उरकून टोळी निघून गेली, गेली असेल गुजरातेत, रिकाम्या झोपड्या नंतर पेटल्या. जागा तर बुलडोझरनं सकाळपर्यंत सपाट झाली होती. मग पुरावा म्हणून वाइनच कोर्टात आली. वेलीवर द्राक्षं असताना आग लागली असती तर वाइनमध्ये धूर सापडला असता. तो सापडला नाही. खटला निकालात निघाला.

टोळीचा मुकादम होता सोनू भोये. तारकाचा बाप. ती तेव्हा रांगत होती, म्हणून आई गावीच राहिली होती. 'गेलाय गुजरातेत' म्हटल्यावर त्या बाईनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. कंपनीत तारकाला कधी कुणी विचारलं नाही. त्या भागात दर दोन घरांआड भोये. कोण कुणाचा, याची चौकशी असल्या लोकांची कोण करतो?

"कोर्टातला अहवाल तुमचा होता," तारका म्हणाली.

"मला विचारलं, धूर आढळला का. मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते."

"कुलूप माहीत होतं का तुम्हाला?"

"कुलपाचं कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

मग तिनं दिवसभर ती वाइन चाखली. दुपारी धूर उलगडू लागला. आधी कुडाचा, कारवी आणि शेणाच्या भिंतीचा, तिच्या स्वतःच्या घराचा. मग ताडपत्रीचा, घशाला चरचरणारा. ऊन कलल्यावर आणखी एक आला आणि तो तिनं थुंकला नाही. थुंकवेना. केस जळाल्याचा वास होता तो. आग कुणी लावली, हे वाइन सांगत नव्हती. पण झोपड्या रिकाम्या नव्हत्या, एवढं सांगत होती.

तिनं शेरा दिला : मेजवानीला अयोग्य, बाटल्या राखून ठेवाव्यात.

कंपनीचे मालक रणधीर गोवर्धने स्वतः खाली आले. पांढरे केस, मऊ आवाज. "तारकाताई, काय हे? बाकीचे दोघं आस्वादक उत्तम म्हणतात, यंत्र उत्तम म्हणतं आणि तुम्हीच एकट्या?"

"साहेब, चूळ न भरता प्या."

गोवर्धने प्यायले. घोट तोंडात घोळवत राहिले. त्यांना कळलं होतं. पण त्यांचा मऊ आवाज जरासुद्धा हलला नाही. "मुरलीय छान," ते म्हणाले आणि उरलेली बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं बेसिनमध्ये रिकामी केली. "रात्री सगळ्या उघडू. एकसुद्धा ठेवायची नाही."

ते गेल्यावर तारका डॉ. केंग्यांकडं वळली. "प्रयोगशाळेत कुलूप तोडता येतं का?"

"आम्लात उकळलं की तुटतं. पण कोर्टाला सीलबंद बाटली लागेल. उघड्या ग्लासातली वाइन कुठल्याही वाइनमध्ये धूर मिसळून करता येते. आणि तळघराची किल्ली साहेबांकडं आहे."

"मग उरली ती तोंडं," तारका म्हणाली.

हिरवळीवर संध्याकाळी दिवे लागले. मंत्री, उद्योगपती, परदेशी व्यापारी, नट्या, नामांकित वकील, सगळी बडी मंडळी. बाटल्या टेबलाटेबलावर फुटल्या. लोक प्यायले, वा वा झाली. मग हळूहळू कपाळांना आठ्या पडू लागल्या.

"ए, मला पार्लरमधल्यासारखा वास येतोय. केस जळाल्यासारखा," एक बाई नवऱ्याला म्हणाली.

"अगं जुनी वाइन अशीच असते. उगाच गावंढळासारखं बोलू नकोस."

"चाख की तू! तुला नाही येत?"

"येतोय खरा."

तारका व्यासपीठावर चढली. मुख्य आस्वादक दोन शब्द बोलणार, हे ठरलेलंच होतं. ती थोडक्यातच बोलली, पण सगळं बोलली. झोपड्या, टोळी, वेलीवरची द्राक्षं, कुलूप. "तुमच्या तोंडात आत्ता जे आहे, ते माणसांच्या जळण्याचा धूर आहे. त्यात माझा बाप आहे. तुमच्यातल्या एकानं जरी उद्या शपथेवर सांगितलं, तर खटला पुन्हा उभा राहील. इतकी तोंडं खोटी ठरवता येत नाहीत."

ग्लास खाली ठेवले गेले. एका म्हाताऱ्या वकिलानं तोंडावर रुमाल धरला. कुणीतरी हुंदका दिला. क्षणभर तारकाला वाटलं, झालं. बाप गुजरातेतून परत आला.

गोवर्धने रागावले नाहीत. माणसं बोलावून तिला खाली ओढलं नाही. त्यांनी नुसतं वाढप्यांकडं बघितलं.

पडद्यामागून वाढपी आले. प्रत्येकाच्या हातात चांदीचं तबक, तबकात छोट्या वाट्या, वाट्यांत निळसर द्रावण. आधीच भरून ठेवलेल्या.

"भोये ताईंच्या भावना समजून घेऊ या," गोवर्धने म्हणाले. "पण आस्वादाची एक शास्त्रीय शिस्त असते. आम्ही आधी चूळ भरतो. आज पाहुण्यांना द्यायची राहून गेली, चूक आमची. जीभ स्वच्छ करा आणि पुन्हा चाखून स्वतःच ठरवा. मी काही सांगत नाही."

माणसं एकमेकांकडं बघत होती. पार्लरवाल्या बाईनं वाटी उचलली. तिच्या नवऱ्यानं उचलली. मग खळखळ, खळखळ, सगळ्या हिरवळीवर चुळा. चांदीच्या तबकांत निळं पाणी पडत राहिलं. म्हाताऱ्या वकिलानं रुमाल खिशात घातला आणि वाटी घेतली. दुसरा घोट घेतला गेला.

"हं. आता कसं स्वच्छ लागतंय!" बाई म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती.

"काही नाहीये यात."

"बिचारी. तोंड आलंय म्हणे तिचं."

डॉ. केंगे पहिल्या रांगेत होते. चूळ काय करते, हे त्या हिरवळीवर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यापुढं तबक आलं. त्यांनी तारकाकडं बघितलं नाही. वाटी उचलली, पुरेपूर चूळ भरली आणि नॅपकिननं ओठ टिपले.

सगळ्यात शेवटी वाढपी व्यासपीठावर आला. त्यानं तबक अदबीनं तारकापुढं धरलं. शेवटची वाटी उरली होती. खाली सगळी हिरवळ तिच्याकडं बघत होती, समजूतदारपणे, आजाऱ्याकडं बघावं तशी.

तिच्या जिभेवर अजून धूर होता. दर श्वासाला थोडा मोकळा होत होता. जगात दुसरीकडं तो आता कुठंच नव्हता.

तारकानं ओठ घट्ट मिटले.