दोनदा उकललेली घरफोडी

"शंभरातल्या ऐंशी! ऐंशी घरफोड्या उकलल्या माझ्या बाबांनी!" घारी जिन्याच्या पायरीवर उभी राहून ओरडत होती. "म्हणून तर ढाल मिळाली ठाण्याला! आहेत का कुणाचे बाबा असे?"

सुट्टी नुकतीच लागली होती, आणि फौजदारांची ही लेक सकाळपासून तेच दळण दळत होती. तिच्या टोळीतल्या चष्म्याने मोठ्ठी जांभई दिली. लंबू मात्र नखं कुरतडत बसला होता.

"तुझं काय रे तोंड पडलंय?"

"त्या ऐंशीत आमच्या दुकानातलीपण आहे," लंबू म्हणाला. त्याचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. "तुमच्या त्या जाड्या चोराने कबूल केलं, माल विकला म्हणाला, झालं! प्रकरण मिटलं! पण गिऱ्हाइकांची घड्याळं कुठायत गं? लोक म्हणतात, बाबांनीच लांबवली. आता दुकान बंद करायचं म्हणतायत ते."

घारी पायरीवरून खाली उतरली. त्या चोराला तिने पाहिलं होतं. बाबांना डबा द्यायला गेली, तेव्हा तो ठाण्याच्या दारातून तिरका होऊन आत येत होता!

"कुठून शिरला म्हणे तो?"

"मागच्या झरोक्यातून. काच काढलेली होती."

"चला, बघूच!"

झरोका बघून चष्मा फुशारला. तो म्हणजे नुसती काडी. "सरका! आत्ता जातो आणि आतून कडी काढतो!" डोकं गेलं, एक हात गेला, आणि गडी अडकला!

"ओढा रे! कान राहतील माझे आत!"

दोघांनी पाय धरून त्याला कसाबसा बाहेर काढला. हसून हसून पुरेवाट झाली, आणि मग घारीचं हसू एकदम मावळलं.

"चष्मा मावत नाही, तर तो जाड्या कसा मावला? काच नुसती दाखवायला काढलीये! चोर दारातून गेलाय, किल्लीने! दुसरी किल्ली कुणाकडे असते रे?"

"शेजारच्या फ्रेमवाल्या काकांकडे. बाबा विसराळू ना!"

घारी धावतच ठाण्यात गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. बाबा कपातला चहा ढवळत राहिले.

"अगं, एक चोर सापडला की त्याला विचारतो आम्ही, आणखी कुठे हात मारलास? तो ज्याला हो म्हणेल, ती उकलली. असंच मोजतात."

"आणि खोटंच हो म्हटलं तर? फटके नकोत म्हणून?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही झरोका बघितला होता?"

"नाही," बाबा हळूच म्हणाले.

घारीचे कान तापले. लंबूच्या तोंडावर, त्याच्याच दुकानातल्या चोरीची शेखी मिरवली होती तिने! धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

"मग आता तरी चला!" ती कशीबशी म्हणाली.

बाबा साध्या कपड्यांत गल्लीच्या टोकाला उभे राहिले. घारी फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरली.

"काका, संध्याकाळी बाबा गल्लीतली सगळी दुकानं तपासणार आहेत हं! पसारा आवरून ठेवा!"

"हो का? वा, वा!" म्हणत काकांनी हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर हाणली. प्रकरण मिटलं म्हणून निर्धास्त होते बिचारे! थोड्याच वेळात ते मागच्या दाराने एक पोतं घेऊन निघाले. चष्म्याने नेमकी त्यांच्या स्कूटरसमोर सायकल आडवी पाडली.

"आई गं! मेलो!"

"काका, पोत्यात टिकटिक कसली हो?" लंबू ओरडला. तेवढ्यात पोत्यातला गजर ठणाणा वाजायला लागला, आणि बाबांनी धावत येऊन काकांची कॉलर धरली!

ठाण्यात मोठे साहेब आले. लंबूचे बाबा एकेक घड्याळ कानाला लावून बघत होते, डोळे पुसत होते. साहेबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास रे वाघांनो! फौजदार, मांडा ही! उकललेल्यांत आणखी एक!"

"पण ती आधीच मोजलीये ना?" घारीच्या तोंडून निघून गेलं.

बाबांचा चेहरा लालबुंद झाला.

"खरंय साहेब. आणि त्या जाड्याने कबूल केलेल्या बाकीच्या चोऱ्यांच्या घरी मी पाऊलही टाकलेलं नाही. सगळ्या पुन्हा उघडतो."

"अहो, आकडा कोसळेल! ढाल जाईल!"

"जाऊ दे, साहेब. लेकीकडे बघवत नाहीये मला."

साहेबांनी भिंतीवरची ढाल काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "जा."

बाबांनी गणवेश चढवला आणि बापलेक बाहेर पडले. पहिल्याच घराचं दार एका आजींनी उघडलं आणि गणवेश बघून त्या गोंधळल्या.

"आता काय हो? आमची चोरी तर कधीच उकलली म्हणे!"

"नाही उकलली, आजी," बाबांनी टोपी काढली. "चुकलं आमचं. आत येऊ का?"